छत्री बादलीत ठेवून या, म्हणणाऱ्यांना

एक फॉरवर्ड आधी आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ठाण्यातल्या आमच्या चर्चच्या ग्रुपवर. तिथे तर आपल्याच मंडळींनी त्याला अंगठे दिले. थोडक्यात मजकूर असा: धर्म छत्रीसारखा असावा, ऑफिसात शिरताना बाहेरच्या बादलीत ठेवून यावा. येशूने स्वतःच ‘कैसराचं (म्हणजे रोमच्या सम्राटाचं) कैसराला’ म्हणून दोन खाती वेगळी केली. ‘जीवनाच्या प्रत्येक क्षेत्रात ख्रिस्त’ म्हणणाऱ्यांना सत्ता हवी आहे, पुरावा म्हणून अब्राहम कायपर या डच धर्मशास्त्र्याचं एक वाक्य. ही कल्पना परदेशातून आयात केलेली. आणि बायबलमध्ये नोकरीधंद्याबद्दल तसंही काही नाही.

छत्रीची उपमा झकास आहे. बाकीचं बघू.

कैसराचं वाक्य चर्चची पायरी न चढलेल्यांनाही पाठ असतं, म्हणून तिथून सुरुवात. परुशी (धर्मनियमांबाबत काटेकोर यहुदी) आणि हेरोद राजाचे लोक येशूला पेचात पकडायला आले होते. रोमला कर द्या म्हटलं तर लोक बिथरणार, देऊ नका म्हटलं तर राजद्रोह. त्याने नाणं मागितलं. (ते त्याच्याकडे नव्हतं, विचारणाऱ्यांकडे मात्र निघालं. मला दर वेळी हसू येतं.) मग विचारलं, यावर मुद्रा कोणाची? कैसराची. तेव्हा गादीवर तिबेरियस होता. मग कैसराचं ते कैसराला द्या, म्हणाला. फॉरवर्ड इथे थांबतो. येशू थांबला नव्हता. पुढे ‘आणि देवाचं ते देवाला’ आहे. आता देवाची मुद्रा कशावर आहे? बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय, माणसावर. हा माझ्या डोक्यातून निघालेला अर्थ नाही. साधारण अठराशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने तो मांडला होता, की नाण्यावरची प्रतिमा कैसराला आणि माणसावरची प्रतिमा देवाला. म्हणजे खाती दोन नाहीतच. कैसराच्या पदरात एक दिनार पडतो आणि तो मोजून देणारा माणूस हातापायांसकट देवाचा राहतो. ज्या वाक्याने दोन खाती उघडली म्हणतात, त्यानेच दुसरं खातं बंद केलंय.

आता सत्ता. कायपर हा नेदरलँड्सचा धर्मशास्त्री, पुढे १९०१ ते १९०५ पंतप्रधान. १८८० साली अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्री युनिव्हर्सिटीच्या उद्घाटनात तो म्हणाला की, माणसाच्या आयुष्यात असा एक इंचही नाही ज्यावर ख्रिस्त ‘हे माझं’ म्हणत नाही. वाक्य खरं आहे. पण भाषणाचा विषय काय होता? शासन, चर्च, कुटुंब, विद्या या प्रत्येकाला आपापलं क्षेत्र आहे आणि एकाने दुसऱ्याच्या अंगणात शिरू नये, हा. विद्यापीठाच्या नावातलं ‘फ्री’ म्हणजे सरकारपासूनही मुक्त आणि चर्चपासूनही. ‘ख्रिस्ताचं’ म्हणजे ‘चर्चचं’ असं तो म्हणालाच नव्हता, उलट चर्चलाही कुंपण घातलं होतं. भाषणातला एक इंच कापून घ्यायचा आणि उरलेलं थान फेकून द्यायचं, याला पुरावा म्हणत नाहीत.

तरी या आरोपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चच्या पंडितांनी कायपरच्याच ‘वेगवेगळ्या क्षेत्रां’चा आधार घेऊन वर्णभेदाला धर्माचं अस्तर लावलं. ते पाप आमच्या घरातलं आहे. मात्र त्यांना खोडून काढणारा बेल्हार विश्वासजाहीरनामा १९८६ साली स्वीकारला तोही त्याच परंपरेतल्या, पण गोऱ्यांनी वेगळ्या बसवलेल्या, गोऱ्या नसलेल्या लोकांच्या चर्चने. आणि ‘धर्म खाजगी ठेवा म्हणजे शांतता’ हे औषध हिटलरच्या जर्मनीतही सांगून झालं होतं. तिथल्या विरोधी ख्रिस्ती मंडळींच्या १९३४ च्या बार्मेन जाहीरनाम्याला म्हणूनच लिहावं लागलं की, आयुष्याचं कुठलंही क्षेत्र ख्रिस्ताऐवजी दुसऱ्या धन्याचं आहे ही शिकवण आम्ही नाकारतो. दुसरा धनी कोण, ते तेव्हा सगळ्यांना कळत होतं.

आयातीचा मुद्दा ठाण्यात बसून काढणं म्हणजे कमाल आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले, ते उतरले होते इथे राहणाऱ्या नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती लोकांकडे. पोर्तुगीज यायला अजून दोन शतकं होती. शिवाय ज्या मातीत सावता माळ्याला मळ्यातल्या कांद्यामुळ्यात विठाई दिसली, तिथे ‘काम हीच उपासना’ समजायला परदेशी मास्तर कशाला लागतोय? पंडिता रमाबाईंनी केडगावला मुलींना प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम, छपाई शिकवली. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं त्यांचं मराठी बायबल तिथल्याच बायकांनी छापलं. छापखाना कुठल्या बादलीत ठेवायचा होता?

राहिला नोकरीधंदा. हे लिहिणाऱ्याने जुना करार उघडलेला नाही. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, असं नीतिसूत्रांत आहे. शेताच्या कडेचं पीक कापू नका, गरिबांना राहू द्या, असं ‘लेवीय’ या पुस्तकात आहे. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तर चक्क बांधकामाचा नियम आहे: नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडलं तर ते रक्त तुझ्या घरावर. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी हे वाक्य गच्चीवर जाऊन वाचावं. आणि लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुरीबद्दल आहे: मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये.

या शेवटच्याने माझी अडचण केलीय. मी सोसायटीचा खजिनदार. गेल्या जूनमध्ये वॉचमनच्या एजन्सीचं बिल पास होऊनही चेकबुक माझ्या ड्रॉवरमध्ये आठ दिवस पडून होतं. कारण काही नाही, आळस. त्या आठ दिवसांत मी क्वायरची एकही तालीम चुकवली नव्हती. एका रात्री तालमीहून आलो तर गेटवर लातूरकडचे काका उभे. म्हणाले, “साहेब, एजन्सीवाला म्हणतोय सोसायटीचा चेक आला न्हाई. पोरीची अकरावीची फी भरायचीय.” मी म्हणालो, “बघतो, काका.” लिफ्टमध्ये फाइलमधली गाण्याची पानं उगाच सारखी करत उभा राहिलो.

चेक लिहिला. दुसरी सही सेक्रेटरींची लागते, म्हणून त्यांची बेल वाजवली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. त्यांनी चष्मा शोधला, सही केली आणि जांभई देत म्हणाले, “अहो, एवढी काय घाई होती? सकाळी चाललं असतं की.”