जाणकार व्यक्तीची मदत घ्यावी

भाचीच्या वहीत परवा बाईंनी लाल पेनाने लिहून पाठवलंय, "गृहपाठ करताना जाणकार व्यक्तीची मदत घ्यावी." आता तिचा गृहपाठ रोज घेऊन बसणारा घरात मी एकटा, त्यामुळे हा टोला कोणाला आहे हे कळायला जाणकार व्यक्तीची गरज नाही.

प्रश्न काय, तर सर्वांत जास्त उपग्रह कोणत्या ग्रहाला? मी म्हटलं शनी. बाईंनी त्याच्यावर फुली मारून शेजारी ठसठशीत अक्षरात 'गुरू' लिहिलं. बरं, हे उपग्रहांचं संख्याबळ म्हणजे काय दगडावरची रेघ आहे का? २०१९ मध्ये शनी ८२, गुरू ७९. मग २०२३ च्या सुरुवातीला गुरू ९२ वर जाऊन पुढे, आणि दोन-तीन महिन्यांत शनी एकदम १४५, मग १४६. मार्च २०२५ मध्ये शनीचे आणखी १२८ जाहीर झाले, एकूण २७४! दोनशे चौऱ्याहत्तर उपग्रह पाठीशी असूनही माणूस हरतो तो एका उत्तरसूचीपुढे.

मी हे असं तावातावाने सांगत होतो तेव्हा शेजारचे अण्णा पेपर वाचायला आलेले. त्यांनी पेपर खाली ठेवला, उठले, घरी गेले आणि त्यांचं सामान्यज्ञानाचं पुस्तक घेऊन आले. या पुस्तकाला पुठ्ठा नाही, पहिली बारा पानं नाहीत, आणि त्यात सोव्हिएत युनियन अजून धडधाकट आहे.

"शनी," अण्णांनी निकाल दिला. "सतरा उपग्रह. तू बरोबर आहेस."

"अण्णा, सतरा नाही, दोनशे चौऱ्याहत्तर."

"इथे सतरा छापलंय."

"ते जुनं झालं हो."

"जुनं कसं? शनी तोच आहे ना?"

यावर काय बोलणार. जगात माझ्या बाजूने एकच माणूस, आणि तोही चुकीच्या पुस्तकातून. तेवढ्यात भाची म्हणाली, "अण्णा, तुमच्या पुस्तकात नऊ ग्रह आहेत, प्लूटोला तर काढला ना."

"काढला? कोणी काढला?"

मी सांगितलं की २००६ मध्ये प्रागला खगोलशास्त्रज्ञांची सभा भरली होती, तिथे मतदान झालं.

"ग्रहावर मतदान?"

"ग्रह कशाला म्हणायचं, यावर."

"नोटीस दिली होती का?"

"कोणाला अण्णा, प्लूटोला?"

"अरे, इतकी वर्षं निमूट फिरतोय तो. रजा नाही, खाडा नाही. एक दिवस उठायचं आणि म्हणायचं, तू आमच्यातला नाहीस?" अण्णांचा आवाज जरा हलला. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते प्रकरण आतमध्ये अजून चालू असावं. मी पाणी दिलं.

मग इंग्रजी काढलं. तिथे तरी शांतता असेल असं वाटलं होतं. युनिव्हर्सिटीच्या आधी 'अ' की 'अ‍ॅन'? भाचीचं म्हणणं, यू स्वर आहे म्हणजे 'अ‍ॅन'. मी म्हटलं, देवनागरीत लिही. य आला ना, मग 'अ'. आणि अवर लिही, तिथे एच असूनही तोंडात अ येतो, म्हणून 'अ‍ॅन'. ही माझी स्वतःची युक्ती आहे आणि मला तिचा अभिमान आहे, पण कोणी काही म्हणालं नाही. पुढचा शब्द, कावळ्यांच्या थव्याला काय म्हणतात. मी म्हटलं, मर्डर.

"कावळ्यांचा खून?" अण्णा ताठ बसले. "पाचवीच्या मुलीला?"

मी सांगून पाहिलं की असल्या शब्दांची लांबच लांब यादी इंग्लंडमध्ये १४८६ साली छापलेल्या शिकारीच्या पुस्तकातसुद्धा आहे. अण्णांनी एवढंच विचारलं, "ते पुस्तक जुनं नाही झालं का?"

खरं सांगू, चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. दहा वर्षांच्या पोरीला एका संध्याकाळी पंचवीस प्रश्न, ज्यांचं एकमेकांशी काडीचं नातं नाही, हे शिकणं आहे की भरती परीक्षा? कझाकस्तानच्या राजधानीचं २०१९ मध्ये अस्तानाचं नूर-सुलतान झालं आणि २०२२ मध्ये परत अस्ताना, हे तिने पाठ करून नक्की काय होणारे? आणि पाठ करायचंच तर तपासणाऱ्यांनी आधी करावं ना. मी बाईंना चिठ्ठी लिहिणार होतो, सगळे आकडे घालून. ताई म्हणाली, तू गप बस, तिला वर्षभर त्याच वर्गात बसायचंय. गप बसलो.

काल भाची दप्तर घेऊन आली ती माझ्या समोरून सरळ अण्णांकडे. प्रश्न होता, क्षेत्रफळाने जगातला सर्वांत मोठा देश कोणता. अण्णांनी पुस्तक उघडलं, 'सोव्हिएत रशिया' म्हणणार एवढ्यात मी पलीकडून ओरडलो, "नुसतं रशिया, अण्णा, नुसतं रशिया!"

आज वही परत आली. बरोबरची खूण, आणि खाली लाल पेनाने, "छान. सुधारणा आहे."