तातियानाने जिद्द दाखवली आणि हक्कही मागितला

3 डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, मोबाइलवर एक मजकूर हमखास येतो: जिद्द असली की साधनं लागत नाहीत, कुणाकडे काही मागावं लागत नाही, अपंगत्व शरीरात नसतं, मनात असतं. सोबत व्हीलचेअरवरच्या एखाद्या खेळाडूचा फोटो. माझ्याकडे आला त्यात अमेरिकेची तातियाना मॅकफॅडन होती. मला राग आला, कारण तिचं आयुष्यच हा मजकूर खोडून काढतं.

साधनं लागत नाहीत? तातियाना 1989 साली रशियातल्या लेनिनग्राडमध्ये स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, घेऊन जन्मली. अनाथाश्रमात व्हीलचेअर नव्हती, म्हणून ती सहा वर्षांची होईपर्यंत हातांवर चालली. त्या पोरीचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण खुर्ची नसणं ही कौतुकाची गोष्ट नव्हे. दत्तक आईबरोबर ती अमेरिकेत आली तेव्हा तिला व्हीलचेअर मिळाली, पायांवर शस्त्रक्रिया झाल्या, अपंग मुलांच्या क्रीडा वर्गात जाता आलं. अथेन्सच्या पॅरालिम्पिकमध्ये 2004 साली, पंधराव्या वर्षी, तिने व्हीलचेअर शर्यतीत 100 मीटरचं रौप्य आणि 200 मीटरचं कांस्य जिंकलं.

मागावं लागत नाही? ही पदकं घेऊन ती मेरीलँडमधल्या आपल्या शाळेत परतली आणि इतर मुलींबरोबर पळू द्या म्हणाली. तिकडून उत्तर आलं: खुर्चीमुळे इतरांना इजा होईल, शिवाय चाकांचा फायदा मिळेल. (शर्यतीच्या खुर्चीला गिअर नसतो. हातमोजे घालून चाकाच्या कडीवर सतत हात मारावे लागतात, तेव्हा ती पळते.) मग तिची शर्यत वेगळी लावली. बाकीच्या मुली कडेला थांबलेल्या आणि एवढ्या मोठ्या ट्रॅकवर ती एकटी. पॅरालिम्पिकची पदकविजेती!

2005 मध्ये तिच्या वतीने शाळा प्रशासनाविरुद्ध खटला दाखल झाला. नुकसानभरपाई मागितलीच नाही, सर्वांसोबत पळण्याची परवानगी तेवढी मागितली. 2006 मध्ये न्यायालयाने तसा आदेश दिला. 2008 मध्ये मेरीलँडने कायदाच केला, की शाळेच्या खेळांत अपंग विद्यार्थ्यांनाही संधी मिळाली पाहिजे. म्हणजे तिने मागितलं, आणि तिच्या मागून येणाऱ्या मुलांसाठीही मिळवलं.

आणि अपंगत्व मनात असतं म्हणे. 2013 मध्ये तिने बॉस्टन, लंडन, शिकागो आणि न्यूयॉर्क या चारही मॅरेथॉन व्हीलचेअर गटात एकाच वर्षात जिंकल्या. तोवर कुणालाच हे जमलं नव्हतं, पायांवर धावणाऱ्यांनाही नाही. मन तर 2005 मध्येही हेच होतं. तरी ट्रॅकवर तिला एकटीला पळवलं, कारण मोठ्या माणसांनी तसं ठरवलं होतं.

आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळांसाठी वेगळं कलम आहे, 30 वं. तरीही कितीतरी शाळांत पीटीच्या तासाला दिव्यांग मुलाला दप्तरं सांभाळायला वर्गात बसवतात. त्याच्या मनात काय कमी आहे, ते हा मजकूर पाठवणाऱ्यांनी मला सांगावं.