टीव्हीच्या पाठीत धपाटा

जुना टीव्ही लागेनासा झाला की घरोघरी पहिला उपचार ठरलेला: पाठीत धपाटा. या उपचाराला माझा तत्त्वतः विरोध नाही. डबाछाप पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत वर्षानुवर्षं तापून-निवून सोल्डरचे टाके सुटतात, विशेषतः फ्लायबॅकच्या, म्हणजे ट्यूबसाठी जबर व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पायांपाशी. मेकॅनिक त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. धपाट्याने पाय क्षणभर चिकटतो, मालिका सुरू होते आणि मारणाऱ्याला घरात इंजिनिअरचा मान मिळतो. हाच हात सपाट एलसीडीवर मात्र उगारू नये. तिथे टाका जुळायच्या आधी पॅनल तडकतं, आणि मग दुरुस्तीचा विषयच संपतो.

खरं तर आधी प्लग बघायचा असतो, पण तसं सुचवलं की लोकांना अपमान वाटतो. टीव्हीचा प्लग काढून त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावा. चार्जिंग झालं तर वीज आहे. मग टीव्हीच्या अंगावरचं मुख्य बटण. ते बंद असेल तर रिमोट कितीही थोपटा, सेल कितीही गोल फिरवा, उपयोग शून्य. रिमोटवर संशय असेलच तर त्याचं तोंड मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट लुकलुक दिसली तर बिचारा निर्दोष आहे.

आता लाल दिवा. तो अजिबात नसेल तर फ्यूज किंवा स्टँडबाय सप्लाय (टीव्ही बंद असतानाही रिमोटची वाट बघणारा वीजपुरवठा) गेलाय. आवाज येतो पण पडदा काळा, तर अंधारात टॉर्च तिरका मारा. अंधुक माणसं हलताना दिसली तर टीव्ही चालूच आहे, फक्त मागचा प्रकाश गेलाय. आणि दिवा लागतो, आत ‘टिक टिक’ होतं, पुन्हा सामसूम, दहाव्या खेपेला मात्र टीव्ही लागतो, विशेषतः थंडीतल्या सकाळी? मग माझा पैसा कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या त्या छोट्या डबीवर.

आपण झोपलो तरी स्टँडबाय सप्लाय जागाच असतो, आणि त्याचे कपॅसिटर कित्येकदा नेमके तापणाऱ्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) खेटून बसवलेले. आतलं रसायन सुकतं, सपाट डोकं भाकरीसारखं टम्म फुगतं. तव्यावर फुगली तर सुगरण. बोर्डावर फुगला तर बाद. अंगावर ‘1000 मायक्रोफॅरड, 10 व्होल्ट’ असं काहीसं लिहिलेलं असतं. नवा आणताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त (10 च्या जागी 16 चालतो), 105 अंशांपर्यंतची उष्णता सोसणारा, लो ईएसआर (म्हणजे आतला विजेचा रोध कमी असलेला). पट्टीची बाजू ऋण. उलटा बसवलात तर दिवाळी लवकर येते.

फ्यूजची काच आतून काळी पडली असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणजे वीज भलत्याच वाटेने धावतेय. तिथे चांदीचा कागद गुंडाळणारे महाभाग आहेत; ते टीव्हीचा उद्धार करत नाहीत, अग्निसंस्कार करतात. जाणकार 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे टीव्हीकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच, लावतात. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर शॉर्ट कायम. एलईडी बल्बला हे काम जमत नाही.

सावधगिरीचं एकदाच सांगतो. सप्लायवरच्या मोठ्या कपॅसिटरात प्लग काढल्यावरही 300 व्होल्टच्या वर दबा धरून असतात. मीटरने मोजल्याशिवाय बोट लावू नका. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचं तर मागचं झाकण काढूच नका. तिथे 20,000 व्होल्टच्या पुढचा मामला, आजवरचे सगळे धपाटे व्याजासकट परत मिळतात.

मेकॅनिक आत न बघताच ‘बोर्ड गेला’ म्हणाला, तर शांतपणे विचारा, “स्टँडबायचे 5 व्होल्ट मिळतायत का?” बोर्डाची तब्येत तिथल्या तिथे सुधारू शकते.

इतकं सगळं करून झाकण लावायचं, टीव्ही भिंतीवर टांगायचा, बटण दाबायचं. लाल दिवासुद्धा नाही! पुन्हा दाबायचं. नाही. सॉकेटमध्ये अजून मोबाइलचा चार्जरच बसलेला असतो, आणि तो कुणाच्या लक्षात यायच्या आत घरातलं कुणीतरी हात उगारून पुढे सरसावलेलं असतं.