पुढचे दोन दात झटपट कसे घालवावेत

गेल्या रविवारी माझा भाचा सिंहगड रोडवर एका रंग उडालेल्या स्पीडब्रेकरवरून उडाला. मिसळ खायला निघाला होता. आता सहा आठवडे वरणाचं पाणी, तेही स्ट्रॉने. ज्यांना हीच मजल मारायची असेल, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल.

हेल्मेट जरूर घ्या आणि कोपरात अडकवा. काहींचा मेंदू गुडघ्यात असतो हे ऐकून होतो, कोपरात असतो हे पुण्यात कळलं. चौकात मामा दिसले की डोक्यावर, चौक संपला की परत कोपरात. कोणी टोकलंच तर कारणं तयार ठेवा: इथेच तर जायचंय, केस गळतात, मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. (ऐकू आला की तुम्ही बाजूला होता म्हणे!) २०१९च्या जानेवारीत सक्ती झाली तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. खड्ड्यांसाठी एवढ्या त्वेषाने कधी उतरलो होतो, ते आठवत नाही. मागे बसलेल्या बायकोला, आईला तर हेल्मेट नकोच. कायद्यात कलम १२९ आहे, त्यात मागे बसणाऱ्यालाही सूट नाही, पण आईची हनुवटी दगडाची असते ना?

घालायचंच झालं तर वाटीसारखं, अर्धं घ्या. हनुवटी मोकळी राहते, वारा छान लागतो.

पट्टा लावू नका.

हनुवटीवर पडलात की गंमत बघा. टाके हनुवटीला पडतात आणि हाड मोडतं कानाजवळ. जबडा घोड्याच्या नालेसारखा, त्यामुळे पुष्कळदा दोन जागी मोडतो. भाच्याचा दोन्हीकडे मोडलाय. डॉक्टरांना विचारलं, असे किती येतात? म्हणाले, तोंडावर पडून येणाऱ्यांत मोडलेलं हाड म्हणजे बहुतेक वेळा नाक, नाहीतर खालचा जबडा. वरचे पुढचे दात तर लोक मोजतही नाहीत.

दात पडला तर साबणाने खसाखसा घासा, कोरड्या कागदात गुंडाळा आणि तीन तासांनी दवाखान्यात न्या. भाच्याच्या मित्रांनी नेमकं हेच केलं. अरे, समोर दुधाची डेअरी होती! मुळाला हात न लावता, वरच्या पांढऱ्या भागाला धरून, पिशवीतल्या थंड दुधात टाकून अर्ध्या-पाऊण तासात आणला असता तर परत बसायची आशा होती. चौघं इंजिनिअर, आणि एकालाही ठाऊक नाही. रीलमध्ये आलं नसेल.

जाऊ दे, हसून बोलणं नाही जमत आता. एकवीस वर्षांचा पोरगा पाटीवर लिहून पाणी मागतोय आणि भेटायला आलेला त्याचा मित्र हेल्मेट कोपरात अडकवून उभा आहे. लाज नाही वाटत? इथे, या खाटेपाशी? घाल ते डोक्यात. आणि पट्टा लाव. टक असा आवाज आला पाहिजे, मला इथपर्यंत.