लीजिंग कंपनीचा विमा सगळ्यांना लागू नसतो

‘माणसं लीजिंग कंपनीमार्फत घेतली की कामावरच्या अपघाताचा विमा तिच्या माथी, आपण मोकळे,’ असा मेसेज अमेरिकेत छोटे व्यवसाय करणाऱ्या आपल्या मंडळींत फिरतोय. लीजिंग कंपनी म्हणजे कामगार स्वतःच्या पगारपत्रकावर ठेवून ते दुसऱ्या व्यवसायांना पुरवणारी कंपनी. मेसेज अर्धवट आहे, आणि नेमका उरलेला अर्धाच महागात पडतो.

लीजिंग कंपनीची पॉलिसी साधारणपणे तिच्या पगारपत्रकावर रीतसर नोंदवलेल्या कामगारांपुरती असते. समजा, छपराचं काम करणाऱ्याने सकाळी एकाला थेट कामावर घेतलं, कागदपत्रं ‘उद्या पाठवू’ म्हणून ठेवली आणि दुपारी तो शिडीवरून पडला. विमा कंपनी हमखास विचारणार: हा आमच्या यादीत कुठे आहे? मूळ कंत्राटदाराला दाखवलेलं विम्याचं प्रमाणपत्र इथे कामाला येत नाही. त्यातही बहुधा ‘फक्त लीजवरील कर्मचारी’ अशी बारीक ओळ असते, जी कोणी वाचत नाही.

नियम राज्यागणिक बदलतात. फ्लोरिडात बांधकाम व्यवसायात एक कर्मचारी असला तरी विमा सक्तीचा. टेक्सासात बहुतेक खासगी मालकांवर सक्तीच नाही. त्यामुळे शेजारच्या राज्यातल्या मित्राचा सल्ला जपूनच घ्या. लीजबाहेरच्या माणसांसाठी वेगळी पॉलिसी लागेल का, हे करारावर सही करण्याआधी एजंटकडून लेखी घ्या.