वासाला पुरावा नसतो

गाडी आवाज करत असेल तर ते एक वेळ परवडलं. मोबाईलवर रेकॉर्ड करून मेकॅनिकच्या कानाला लावता येतो. वासाचं काय करणार? आणि त्यातून जळक्या रबराचा वास. एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की यायचा, गाडी पळायला लागली की गायब. असा वास आला की माणूस आधी शेजारच्या गाडीकडे रागाने बघतो, हा नियमच आहे. पण दर सिग्नलला वेगवेगळ्या गाड्या आणि वास तोच, म्हटल्यावर संशय आपल्याच बॉनेटकडे जातो.

मग घरात तपास सुरू झाला. बायको म्हणाली वायर जळतेय. सासरेबुवा मागच्या सीटवरून म्हणाले, "जावईबापू, क्लच प्लेट गेली. तुम्ही अर्ध्या क्लचवर चालवता, मी केव्हापासून बघतोय." शेजारचे काका म्हणाले सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी चिकटली असणार. मला हसू आलं होतं पण असं खरंच घडतं बरं का, रस्त्यावरची पिशवी गरम पाईपला चिकटते आणि वितळून दिवसेंदिवस वास मारत राहते. गाडी थंड झाल्यावर आडवा होऊन खाली बघितलं. पिशवी नव्हती, उठताना कंबर मात्र धरली.

वायरची शंका सगळ्यात आधी निकालात काढायला हवी, कारण तिथे थट्टा नाही. वायरचं आवरण जळत असेल तर तिखट, नाकात झोंबणारा प्लास्टिकचा वास येतो आणि तसं वाटलं तर गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची, सगळ्यांना खाली उतरवायचं. आमचा वास तसा नव्हता. मग ब्रेक. ब्रेक जाम होऊन चाकाला घासत असेल तर ते एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापतं, म्हणून फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघायचा, नुसता जवळ न्यायचा, डिस्कला लावायचा नाही. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकेका चाकापाशी उकिडवा बसून हात शेकत होतो, येणारे जाणारे बघत होते. चारही चाकं सारखीच कोमट निघाली.

क्लचचं म्हणाल तर प्लेट जळते ती चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली तर, नाहीतर रिव्हर्स घेताना उगाच रेस केली तर. सिग्नलला न्यूट्रलमध्ये क्लच सोडून उभ्या असलेल्या गाडीची प्लेट कशी जळेल? हे मी सासरेबुवांना नीट समजावलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरी पण क्लचच."

गॅरेजमध्ये वास येईना. ते तर होणारच होतं! मेकॅनिकने बॉनेट उघडून दोनदा नाक ओढलं, म्हणाला काय नाय साहेब. मग स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. एवढे सेन्सर आहेत गाडीत, ऑक्सिजनचा आहे, टेम्परेचरचा आहे, पण जळकं रबर हुंगणारा एकही नाही, तिथे अजून आपलंच नाक. बाहेर पडलो, थोडं अंतर गेलो, सिग्नल लागला आणि वास हजर.

शेवटी एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी गरम आहे का?" थंड असेल तर फिरवून आणा म्हणाले. खरा घोळ इथेच होता, कारण गॅरेजच्या लाईनीत उभी राहून गाडी गार व्हायची आणि मग सगळं गुण्यागोविंदाने चालायचं. आता गरम गाडी, एसी फुल्ल, बॉनेट वर. बेल्टवर टॉर्च मारला तर आजूबाजूला काळी भुकटी उडालेली. इंजिन बंद करून त्यांनी फॅन बेल्ट उतरवला आणि त्याच्या वाटेतल्या पुल्या एकेक करून हाताने फिरवल्या. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची गुळगुळीत फिरली, एसी कॉम्प्रेसरचीही. मधली आयडलर पुली, म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणारी, मात्र भातात खडा लागावा तशी कर्र करून अडली. तिचं बेअरिंग सुकलं होतं. तापलं की आवळायचं, पुली थांबायची, बेल्ट तिच्यावर घासत राहायचा. त्यात एसी लावला की कॉम्प्रेसरचा लोड वाढून बेल्ट आणखी सरकायचा. बेल्टची एक बाजू घासून चकचकीत झाली होती, त्यावर नखसुद्धा अडत नव्हतं. तुटला असता तर बॅटरीचा लाल दिवा लागला असता, आणि ज्या गाड्यांमध्ये पाण्याचा पंपही याच बेल्टवर असतो तिथे इंजिन तापून भलतंच महागात पडतं.

पुली बदलली, बेल्टही बदलला, कारण घासून गुळगुळीत झालेला बेल्ट नव्या पुलीवर पण सरकणारच. मिस्त्री म्हणाले खाचांमध्ये जळकं रबर बसलंय, एक-दोन दिवस थोडा वास येईल, घाबरू नका. तसा आला आणि गेला. सासरेबुवांना फोन करून पुलीचं सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. आता क्लच पण बघून घ्या."

बिल हाताने लिहिलेलं होतं. पुली, बेल्ट, लेबर, आणि सगळ्यात खाली वेगळी ओळ, "वास शोधणे". घासाघीस करायची सवय आहे मला, पण त्या ओळीवर एक अक्षर बोललो नाही.