अमेरिकेतला ‘तहहयात’ न्यायाधीश आणि रोझ बर्ड

कॉलेजियमवरून, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याच्या आपल्याकडच्या पद्धतीवरून, वाद पेटला की एक मेसेज हमखास फिरतो : ‘अमेरिकेत सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश तहहयात असतो. त्याला ना मतांची फिकीर, ना पैशाची. म्हणून तिथले निकाल निर्भय.’

‘तहहयात’ हे खरं, पण केंद्राच्या न्यायालयांपुरतं. तिथे प्रत्येक राज्याला स्वतःचं सर्वोच्च न्यायालय आहे आणि राज्याच्या कायद्याबाबत त्याचाच शब्द अखेरचा. विस्कॉन्सिनमध्ये या न्यायाधीशांची थेट निवडणूक होते, मुदत १० वर्षं. कॅलिफोर्नियात गव्हर्नर (राज्याचा निवडून आलेला प्रमुख) नेमतो, पण पुढे मतदारांनी ‘हो’ म्हटलं तरच खुर्ची टिकते.

मतांची फिकीर नाही म्हणता? मग रोझ बर्ड यांचं काय झालं ते बघा. १९७७ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यांना कॅलिफोर्नियाच्या सरन्यायाधीश केलं. त्या न्यायालयातल्या त्या पहिल्याच महिला. आधी वकिली आणि ब्राउन यांचं मंत्रिमंडळ. न्यायाधीशपदाचा अनुभव शून्य. हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो अगदीच गैर नव्हता. १९७८ च्या मतदानात त्या जेमतेम तरल्या. त्यांच्यापुढे आलेल्या फाशीच्या प्रत्येक प्रकरणात त्यांनी शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये मतदारांनी त्यांना घरी पाठवलं. सोबत क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हे सहकारीही गेले. रिकाम्या जागा भरल्या फाशीचे कट्टर समर्थक गव्हर्नर जॉर्ज ड्यूकमेजियन यांनी. विरोधकांच्या जाहिराती फाशीच्या होत्या, निधीत मात्र उद्योग आणि बड्या शेतीव्यवसायाचाही पैसा होता. कामगार आणि ग्राहकांच्या बाजूने लागलेले निकाल त्यांना बोचत होते.

आयोवातही २०१० साली तेच : समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या तीन न्यायाधीशांना मतदारांनी काढलं.

उरला पैसा. वेस्ट व्हर्जिनियात २००४ साली एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने ब्रेंट बेंजामिन या उमेदवारासाठी सुमारे ३० लाख डॉलर ओतले. बेंजामिन निवडून आले, त्याच कंपनीच्या अपिलात बसले आणि कंपनी जिंकली. अखेर २००९ मध्ये केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं. तेही ५ विरुद्ध ४ मतांनी! आणि २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या एका जागेवर सर्व बाजूंनी मिळून सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाले.

राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांत तहहयात नेमणूक ऱ्होड आयलंडमध्ये सापडेल. मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर ‘अमेरिकेत’ खोडून तेवढं नाव घाला.